वाहक ओळखावा कसा

बसच्या मागच्या दारापाशी, खिडकीच्या वर, हाताएवढी एक पत्र्याची पट्टी होती आणि तिच्यावर पांढऱ्या रंगात एकच शब्द रंगवलेला होता : वाहक. म्हणजे खालची एकटी जागा कंडक्टरची. दोन वर्षं ती त्या पट्टीखाली बसत होती, पण त्या नावाने तिला कुणी कधी हाक मारली नाही. उतारू ‘कंडक्टरबाई’ म्हणत, शाळेच्या मुली ‘मावशी’ म्हणत. ड्रायव्हर ‘वहिनी’ म्हणायचा, कारण तिचा नवरा त्याच आगारात मेकॅनिक होता आणि अर्धं आयुष्य त्याने याच ड्रायव्हरच्या बसखाली उताणं पडून काढलं होतं. तो गेल्यावर त्याच्या जागी तिला घेतलं. ‘वाहक’ म्हणायचा तो फक्त कागद. नेमणुकीचा कागद, रजेचा कागद, आणि कुणी तक्रार केली तर येणारा तो लांबट पिवळा कागद. माणसं आपल्याशी बोलताना एका नावाने बोलतात आणि आपल्याविषयी लिहिताना दुसऱ्याच, हे तिला नोकरीला लागल्यावर कळलं होतं.

म्हणून लेकीच्या वहीत तो शब्द दिसला तेव्हा तिला वाटलं, हे आपल्याविषयीच लिहिलंय.

दुपारची वेळ होती. सकाळची पाळी करून ती घरी आली होती. सासूबाई आतल्या खोलीत लवंडल्या होत्या, लेक शाळेत. गणवेशाच्या खिशात पेन पाझरलं होतं, म्हणून टीपकागद शोधायला तिने लेकीच्या टेबलावरची जीवशास्त्राची वही उचलली. टीपकागद जिथे होता तिथेच वही उघडली. मुलीचं अक्षर मुंग्यांच्या रांगेसारखं बारीक. घरात तिला मुंगीच म्हणत, ते काही अक्षरावरून नव्हे, सारखी काही ना काही गोळा करून आणायची म्हणून.

‘वाहक दिसायला ठणठणीत असतो,’ वहीत लिहिलं होतं. ‘रोज कामावर जातो. त्याचा कुणाला संशय येत नाही. कधी त्याला स्वतःलाही ठाऊक नसतं, कधी ठाऊक असून तो लपवतो. एक वाहक अनेक लोकांना धोका पोचवू शकतो. वाहक ओळखावा कसा : पाळत, नोंद, तपासणी. वाहक सापडल्यास त्याला त्या कामावरून दूर करावे.’

आणि खाली, तांबड्या शाईत, शिक्षिकेच्या हाताने : ‘छान. आता घराजवळचं उदाहरण शोध.’

ती खुर्चीवर बसली. तिने ते तीनदा वाचलं. आधीचं पान उलटलं असतं तर ही गोष्ट तिथेच संपली असती. पण चोराच्या मनात चांदणं. तिने वही मिटली, होती तशी ठेवली, आणि टीपकागद न घेताच उठली.

तिच्या मनातलं चांदणं असं होतं : गेले तीन आठवडे तिला खोकला होता. आणि बरोबर एक महिन्याने आगाराच्या डॉक्टरकडे तिची तपासणी होती. त्या तपासणीत पास झाली की नोकरी कायम, नाही तर जय हरी म्हणत घरी. घरी म्हणजे कुठे, तर आगाराच्याच दोन खोल्यांत, ज्या नोकरीबरोबर आल्या होत्या आणि नोकरीबरोबर गेल्या असत्या. म्हणून ती खोकला चोरून खोकायची. वाचनालयापुढच्या चढाला बस लागली की ड्रायव्हर गिअर खरवडायचा, त्या आवाजात ती दोन-चार खोकले उरकून घ्यायची. एरवी गालात लवंग.

“वहिनी, लवंगांचं झाड लावलंय का घरी?” ड्रायव्हर कालच म्हणाला होता. “अख्खी बस दाताच्या दवाखान्यासारखी वास मारते.”

“दाढ दुखते, भावजी.”

“तीन आठवडे? उपटून टाका की.”

“टाकीन. तुमची जीभ आधी.”

तो हसला होता आणि विषय संपला होता. की संपला नव्हता? आता तिला एकेक गोष्ट नव्याने आठवायला लागली.

संध्याकाळी ती शेजारच्या टेलरबाईकडे गणवेशाचा खिसा बदलायला गेली. टेलरबाईची मुलगी मुंगीच्याच वर्गात, नववीत.

“काय गं, ती नवी जीवशास्त्राची बाई कशी आहे?” तिने सहज विचारल्यासारखं विचारलं.

“जंतूबाई?” टेलरबाईने मशीन थांबवलं. “पोरी तसंच म्हणतात तिला. आल्या आल्या वर्गातला हाडाच्या सापळ्याचा तक्ता खाली उतरवला आणि जगाचा नकाशा टांगला. म्हणते, शरीर शिकायचं तर माणसं कुठे, कशाने आजारी पडतात ते आधी बघा. परवा मी आमच्या हिला विचारलं, फुप्फुस कुठे असतं? तर म्हणते, खाणीत.”

“खाणीत?”

“दगडाच्या. तिथली धूळ जाते ना आत. बरं, गळ्यातली ती ग्रंथी कुठे असते? तर डोंगरात, जिथे लोकांच्या मिठात आयोडीन नसतं. आता परीक्षेत हे लिहून आली तर मार्क कोण देणार, डोंगर?” टेलरबाईने दोरा दाताने तोडला. “आणि घरच्या चौकशा किती. तुमच्याकडे कोण काय काम करतं, पाणी कुठून येतं, एका खोलीत किती जण झोपतात. मी सांगितलं हिला, लिही, राजवाडा आहे.”

“हे सगळं जातं कुठे, लिहिलेलं?”

“ते मला काय ठाऊक. कुठेतरी जात असेलच. उगाच कोण कशाला लिहून घेईल?”

कंडक्टरबाईच्या मनात आधीच पाल चुकचुकत होती, ती आता भिंतभर पळायला लागली. गणवेश घेऊन ती घरी आली. जेवणं झाली. झोपायच्या आधी मुंगीने रोजच्यासारखी खिडकी सताड उघडली.

“वारा येतो गं,” सासूबाई म्हणाल्या.

“येऊ दे आजी. खेळती हवा हवी.” मग तिने आईचा अर्धा भरलेला पेला उचलला आणि त्यातलं पाणी पिऊन टाकलं. तिचा स्वतःचा पेला शेजारीच होता.

“माझा का घेतलास?” आईने विचारलं.

“असाच.” मुलगी सासूबाईंकडे बघून म्हणाली, “पेल्याने काही होत नाही.”

सासूबाईंनी मान फिरवली. आईच्या लक्षात आलं की गेला आठवडाभर आपलं ताट-पेला सासूबाई वेगळ्या फळीवर ठेवतायत. म्हणजे दोघींमध्ये काहीतरी बोलणं झालं होतं. ती कुशीवर वळली, तोंडावर पदर दाबून एकच खोकला खोकली आणि कान देऊन पडून राहिली. अंधारात कागदावर काहीतरी खरडल्यासारखा आवाज आला. उंदीर असेल, असं तिने मनाला सांगितलं. मनाने ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाचनालयाच्या थांब्यावर जंतूबाई बसमध्ये चढल्या. त्या रोजच चढायच्या, पण आजवर त्या नुसत्या उतारू होत्या. चाळिशीच्या, सडपातळ, खांद्याला मोठी कापडी पिशवी. मागच्या बाजूच्या जागा रिकाम्या असूनही त्या बरोबर वाहकाच्या जागेसमोर येऊन बसल्या. तिने पेटीतून तिकीट काढलं, पंच केलं. त्या काळी तिकिटं रंगीत असत आणि पंचाचा आवाज बसच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाई.

“दिवसाला किती माणसं चढत असतील हो तुमच्या बसमध्ये?” बाईंनी विचारलं.

“मोजत नाही.”

“तिकिटं तर मोजत असाल.”

“तिकिटं मोजते. माणसं नाही.”

बाई हसल्या. “या खिडक्या सगळ्या उघडतात का? ही तुमच्या मागची?”

“का, उडी मारायचीय?”

“नाही, हवेसाठी. तुमच्या मागचीच नेमकी घट्ट बसलीय. आगारात सांगून दुरुस्त करून घ्या. दिवसभर तुम्ही इथेच बसता.” आणि त्यांनी पिशवीतून छोटी वही काढून त्यात काहीतरी टिपलं.

पुढे चढ लागला. गिअर खरवडला. तिला खोकायचं होतं, पण समोर ती बाई पेन उघडून बसलेली. तिने श्वास कोंडला. डोळ्यांत पाणी आलं, छातीत मुंग्या धावल्या, चढ संपला. बाई उतरताना तिच्याकडे क्षणभर बघत राहिल्या, काही बोलणार अशा, पण मागून लोक ढकलत होते. दोरी ओढून तिने घंटा दिली, नेहमीपेक्षा जरा लवकरच.

आगाराने माणूस ठेवलाय, तिने मनाशी ठरवलं. तपासनीस चढला तर आपल्याला ओळखू येतो, म्हणून मास्तरीण पाठवली. आणि माझ्याच पोटच्या पोरीकडून नोंद करून घेते.

बाहेरच्यांचं काही नाही. बाहेरचे बघणारच. पण मुंगी? ती तीन वर्षांची होती तेव्हा बाप घरी यायच्या वाटेवर डोळे लावून बसायची, आणि त्याच्या हाताला ग्रीस किती आहे त्यावरून आज किती बस दुरुस्त झाल्या ते सांगायची. बघण्याची सवय तिला तेव्हापासूनची. पण तेव्हाचं बघणं वेगळं होतं, असं आईला वाटलं. ते बघून तिला काही ओरबाडायचं नव्हतं.

पुढच्या गुरुवारी तिची साप्ताहिक सुट्टी. मुंगी शाळेत गेल्यावर तासाभराने तिने गणवेश चढवला, बिल्ला लावला आणि शाळेकडे निघाली. सुट्टीच्या दिवशी गणवेश कशाला, असं सासूबाईंनी विचारलं. “भांडायला बरा पडतो,” ती म्हणाली.

नववीचा वर्ग दुसऱ्या मजल्यावर होता. जिना चढून तिला धाप लागली, म्हणून ती दाराशी जरा थांबली. आत खरंच जगाचा नकाशा होता, त्याला जागोजागी रंगीत दोरे टाचलेले. जंतूबाई फळ्यापाशी होत्या. मुंगी तिसऱ्या बाकावर.

“बाई, एक मिनिट बोलायचंय.”

“या ना. बाहेर येऊ का?”

“नको. सगळ्यांसमोरच बोलू. लिहून घेताय ना सगळ्यांकडूनच?” ती सरळ मुंगीच्या बाकाशी गेली, तिच्यापुढची वही उचलली आणि ते पान काढून मोठ्याने वाचलं. ठणठणीत असतो. ठाऊक असून लपवतो. पाळत, नोंद, तपासणी. कामावरून दूर करावे. तिकिटांची हाक द्यायची सवय असलेला आवाज, वर्गाच्या भिंतींना पुरून उरला. “दोन वर्षं मी त्या जागेवर बसते. माझ्याविरुद्ध एक तक्रार नाही. तुम्हाला आगाराने पाठवलं की आणखी कुणी ते मला सांगा. पण नववीतल्या पोरीला तिच्या आईवर पाळत ठेवायला लावता, हे कुठलं जीवशास्त्र?”

जंतूबाई गोंधळून तिच्याकडे बघत राहिल्या. त्यांनी तिचा चेहरा बघितला, मग बिल्ला बघितला, आणि मग त्यांच्या ध्यानात आलं.

“अहो ताई,” त्या हळू म्हणाल्या, “मी पित्ताशय शिकवत होते.”

“काय?”

“एक पान मागे उलटा.”

तिने उलटलं. मागच्या पानावर पेरूसारख्या एका पिशवीचं चित्र होतं. वर लिहिलं होतं : ‘पित्ताशय आणि टायफॉइड’.

“टायफॉइडचा ताप उतरतो, माणूस बरा होतो,” बाई म्हणाल्या, “पण काही थोड्यांच्या पित्ताशयात ते जंतू घर करून राहतात, वर्षानुवर्षं. त्यांना स्वतःला काही होत नाही. पण असा माणूस खानावळीत रांधत असेल, तर त्याच्या हातून ते दुसऱ्यांच्या पोटात जातात. म्हणून त्याला रांधायच्या कामावरून दूर ठेवायचं. अशा माणसाला पुस्तकात वाहक म्हणतात. आजाराचा वाहक.”

मग टेलरबाईच्या मुलीच्या तोंडून फुटलंच, “मावशींना वाटलं, कंडक्टर.”

आधी एक बाक हसला, मग सगळे. जंतूबाईंनी ओठ दाबून धरले, पण त्याही हसल्या. आणि कंडक्टरबाईला वाटलं, छातीवरचा एक मोठा दगड कुणीतरी उचलून बाजूला ठेवला. साप साप म्हणून इतके दिवस भुई धोपटत होतो, आणि निघालं काय तर पित्ताशय. तीही हसायला लागली. पोटापासून हसली, आणि ते हसू वर येता येता खोकल्याला जाऊन भिडलं.

आता गिअर नव्हता, चढ नव्हता. ती बाकाला धरून वाकली आणि खोकत राहिली. एकेक करत मुली हसायच्या थांबल्या. अख्ख्या वर्गात फक्त तिचा खोकला, आणि त्याच्या खालून आणखी एक बारीकसा आवाज. तिने डोळे पुसून बघितलं. मुंगीने मान खाली घातली होती आणि तिची पेन्सिल कच्च्या कागदावर रेघा ओढत होती. एका खोकल्याला एक रेघ. चार उभ्या, एक आडवी. तिचं तिलाच कळत नव्हतं. हाताला लागलेली सवय ती.

अंधारातला उंदीर.

खोकला ओसरल्यावर आईने हातातली वही शेवटच्या पानावरून उघडली. तिथे रेघाच रेघा होत्या. तारीख, सकाळ, संध्याकाळ, रात्र. सत्तावीस दिवस. वर ‘वाहक’ लिहिलेलं नव्हतं. वर लिहिलं होतं : ‘आई’.

जंतूबाई पुढे आल्या आणि त्यांनी त्या पानाकडे बघितलं. त्यांना ते नवीन होतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. “दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर काय करायचं?” त्यांनी कुणालाच उद्देशून न विचारल्यासारखं विचारलं. वर्गातल्या चाळीस मुलींना उत्तर येत होतं. एकीनेही हात वर केला नाही.

“मला बसमध्ये संशय होताच,” बाई तिला दाराबाहेर नेऊन म्हणाल्या. “विचारायचं होतं. पण तुम्ही माझ्याकडे असं बघायच्या, जणू मी विनातिकीट चढलेय.”

“वहीत काय टिपलंत त्या दिवशी?”

“खिडकीचं. आगाराला पत्र लिहायला.”

“आणि माझं नाव?”

“मला तुमचं नाव माहीतच नाही, ताई.”

तिने मुंगीला त्या दिवशी तासाभराने शाळेतून बाहेर काढलं. दोघी चालत निघाल्या.

“बाईंना दाखवलं का नाहीस?” आईने शेवटी विचारलं.

“दाखवलं असतं तर त्यांनी तुला लगेच तपासणीला धाडलं असतं.”

“मग?”

“मग तुझी नोकरी.”

“मग लिहिलंस तरी कशाला?”

मुलीने वही छातीशी घट्ट धरली. “कमी होतोय का बघत होते. कमी झाला असता तर कुणाला सांगायलाच लागलं नसतं. बाराव्या दिवशी झाला होता आई, नऊवर आला होता. मला वाटलं जातोय.”

बारावा दिवस कुठला ते आईला आठवलं. त्या दिवशी तिची पाळी बदलली होती आणि ती सबंध संध्याकाळ घराबाहेर होती.

“आणि ते पेल्याचं?”

“आजी तुझा पेला वेगळा ठेवायची. बाईंनी सांगितलंय, टीबी खरकट्याने नाही पसरत, हवेने पसरतो. आजीला सांगून पटेना. म्हणून तिच्यासमोर प्यायचे.”

पुढच्या चौकात डावीकडे घर होतं आणि उजवीकडे दवाखाना. आगाराचा नव्हे, सगळ्या गावाचा. ती चौकात उभी राहिली. आणखी तीन आठवडे लवंग चघळून आगाराच्या डॉक्टरपुढे श्वास कोंडून उभं राहता आलं असतं, कदाचित पासही झाली असती. चढ संपेपर्यंत खोकला दाबणं तर तिला जमत होतंच. तिने लेकीच्या हातातल्या वहीकडे बघितलं. मग ती उजवीकडे वळली.

पुढचं सगळं रीतसर झालं. डाव्या फुप्फुसाच्या वरच्या कोपऱ्यात बटणाएवढा डाग निघाला. सहा महिने गोळ्या. मुंगी, सासूबाई आणि ड्रायव्हर तिघांचीही तपासणी झाली, तिघंही सुटले. ड्रायव्हर म्हणाला, “वहिनी, दाढ फारच खोल गेली होती.” आगाराच्या साहेबाने कायम व्हायची तारीख सहा महिने पुढे ढकलली, पण काढलं नाही. आधी दोन महिने रजा, मग हरवलेल्या वस्तूंच्या खोलीत, छत्र्यांच्या राज्यात. त्यानंतर पुन्हा त्या पत्र्याच्या पट्टीखाली. मागची खिडकी तोवर उघडायला लागली होती. जंतूबाईंवर मात्र तिचा पुरता विश्वास कधीच बसला नाही. ती म्हणे, जी बाई पेरूचं चित्र काढून पित्ताशय म्हणते, तिचं तिकीट दोनदा तपासावं.

पण त्या गुरुवारचं ती सांगते ते दवाखान्यातल्या खिडकीचं. रांगेत अर्धा तास उभं राहिल्यावर कारकुनाने कार्ड पुढे ओढलं.

“वय?”

तिने सांगितलं.

“व्यवसाय?”

“कंडक्टर.”

कारकून वळणदार अक्षरात लिहायला लागला. मुंगीने काचेतून वाचलं आणि आईचा हात धरला. आईनेही वाचलं.

“ते खोडा,” ती म्हणाली.

“बरोबर आहे की. कागदावर असंच लिहितात. वाहक.”

“कागदावर लिहीत असतील. इथे नका लिहू. कंडक्टर लिहा.”

“अहो, दोन्हींचा अर्थ एकच.”

“नाही,” मुंगी म्हणाली. “पित्ताशयाचं पान वाचा.”

कारकुनाने दोघींकडे आळीपाळीने बघितलं. मागची रांग कुरकुरायला लागली होती. त्याने तो शब्द खोडला, वर दुसरा लिहिला आणि कार्ड खिडकीबाहेर सरकवलं.

आत बोलावणं येईपर्यंत त्या दोघी बाकावर बसल्या. ती खोकली, या वेळी मोकळेपणाने, तोंडावर रुमाल धरून. मुंगीचा हात पेन्सिलीकडे गेला. आईने ती पेन्सिल घेतली आणि आपल्या गणवेशाच्या नव्या खिशात ठेवून दिली.